रंगराव गुरवांनी मोटारीची चार चाके चिंचेने उजळली, ती हकीकत

श्री ग्रामदेव समर्थ. ज्याचे मागील पितळी प्रभावळ रोज पहाटे चिंचेचा मार खाते आणि तरी ज्याचे मुख प्रसन्न राहते, त्या देवास नमस्कार करोन, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, वैशाख शुद्ध अष्टमीचे दिवशी जे घडले ते वर्तमान लिहितो. लिहिण्याचा हुकूम कोणी केला ऐसे पुसाल तर कोणी केला नाही. चाके धुण्याचे प्रसंगी पाण्याच्या बादल्या आम्ही शेजाऱ्याने वाहिल्या, सर्व डोळां पाहिले, आणि आता घरातील मंडळी प्रत्येक जण आपलाच पराक्रम सांगू लागली, सबब खरे काय ते कागदावर असावे, इतकाच हेतू.

राज्य लहान. पूर्वेस देऊळ, पश्चिमेस एसटीचा थांबा, मध्ये पत्र्याचे घर आणि पुढे शेणाने सारवलेले अंगण. राज्याचे नाव सांगत नाही, सोयऱ्यांत बोभाटा नको. या राज्यावर श्रीमंत रंगराव गुरव राज्य करीत होते आणि त्यांजवर राणीसाहेब पारूबाई राज्य करीत होत्या. ग्रामदेवाची पूजा वंशपरंपरेने रंगरावांकडे. तांब्या, समई, घंटा, निरांजन, जे म्हणाल ते रंगरावांचे हाती पडले, चिंच आणि चुलीची राख लाविली, घटकाभर मुरू दिले आणि घासले की असे झळके की सोनाराने पाहत राहावे. चाळीस वर्षे हा हात चालला, म्हणोन रंगरावांचा असा पक्का समज जाहला की पृथ्वीवर जेवढा म्हणोन धातू आहे तेवढा चिंचेस शरण आलाच पाहिजे. या समजाने पुढे काय अनर्थ ओढविला ते सांगणारच आहे.

परंतु आधी या राज्यास एक जुने दुखणे होते ते सांगितले पाहिजे, त्यावाचून चाकांचे महत्त्व ध्यानी यावयाचे नाही. रंगरावांचे धाकटे बंधू भगवानराव पुण्यास कारखान्यात मोठे हुद्द्यावर चढले आणि त्यांनी मोटार घेतली. तीन वर्षांमागे चैत्री यात्रेस ते सहकुटुंब आले आणि गर्दीतून वाट काढीत मोटार थेट देवळाचे दारी आणिली. रंगराव पालखीचे बंदोबस्तात होते, डोके उन्हाने तापले होते, गावचे पंच भोवती उभे होते, आणि मोटार पाहताच त्यांनी भर यात्रेत आवाज चढविला, "हितवर फकस्त देवाची पालखी येती! मोठा सायब झालास म्हणून काय झालं? घे मागं गाडी!" भगवानराव एक अक्षर बोलले नाहीत. मोटार मागे घेतली आणि तशीच पुण्यास नेली. मग संध्याकाळी कोणी सांगितले की मोटारीत त्यांच्या पत्नी शालिनीबाई बसल्या होत्या, त्यांचा पाय मोडून प्लास्टरमध्ये होता, चालणे शक्य नव्हते आणि दर्शनाचा नवस होता, म्हणोनच मोटार दारापर्यंत आणिली होती. रंगरावांनी आत डोकावूनही पाहिले नव्हते. त्या रात्री रंगराव जेवले नाहीत, ऐसे राणीसाहेब सांगतात, आणि आमचा त्यावर विश्वास आहे. परंतु थोरल्याने धाकट्यापुढे 'चुकलो' म्हणावे ही गोष्ट त्या घराण्यात कोणी केली नव्हती, आणि रंगराव तर असे की तोंडाशी आलेला शब्द गिळतील पण बाहेर पडू देणार नाहीत. येणेकरून तीन वर्षे गेली. दिवाळीस फराळ गेला नाही, भाऊ आला नाही.

मग कन्या केतकीचे लग्न ठरले, मांडव नवरदेवाकडचे गावी, घाटाखाली. केतकी बापासारखीच हट्टी, परंतु तिचा हट्ट उपयोगी पडतो. तिने आपण होऊन चुलत्यास फोन केला आणि सांगितले, "काका, मी मांडवात जाईन तर तुमच्याच गाडीतून. न्हाईतर चालत जाईन, आन लोक इचारतील तवा तुमचं नाव सांगीन." असा पेच पडल्यावर भगवानराव काय करतील? लग्नास दोन दिवस असता अष्टमीचे सकाळी दहाचे सुमारास मोटार अंगणात येऊन उभी राहिली. भगवानराव एकटेच उतरले. शालिनीबाईंचा पाय दुखतो म्हणोन आल्या नाहीत, ऐसे म्हणाले. सर्वांनी मान डोलाविली आणि कोणाचाच विश्वास बसला नाही.

आता मोटारीचे वर्णन. रंग मोरपंखी, अंग देखणे, परंतु खरी नजर जावी ती चाकांवर. साधी गोल ताटासारखी चाके नव्हेत. मध्यभागापासोन दहा काड्या निघाल्या, प्रत्येक काडीस पुढे दोन फाटे, फाट्याफाट्यांत वेलबुट्टीसारख्या खाचा, आणि खाचेआड खाच. अलॉय व्हील ऐसे त्यास म्हणतात. आणि ही सर्व नक्षी त्या दिवशी दिसत नव्हती. घाटात रस्त्याचे काम चालले, तेथील लाल चिखल, वर डांबराचे शिंतोडे आणि ब्रेकची काळी भुकटी, ऐसे तीन थर बसोन चाके चुलीवरील तव्यासारखी जाहली होती. भगवानरावांनी चहा घेतला, दोन घास जेवले, भावाशी 'हो' आणि 'नको' एवढेच बोलले, आणि वहिनीस म्हणाले, "वहिनी, जरा पडतो. मग गाडी तालुक्याला धुवायला नेतो आणि तिथंच लॉजवर राहतो. परवा सकाळी थेट दारात आणतो."

हे शब्द रंगरावांनी दाराआडून ऐकिले. लॉजवर राहणार! म्हणजे परवा येणार, नवरीस मांडवात पोहोचविणार, अक्षता टाकणार आणि तसेच पुण्यास जाणार, आणि मग या घरी पाय कशाला ठेवणार, कारण केतकीखेरीज दुसरे लग्न या घरात नाही. भाऊ गेला तो गेलाच. भगवानराव सोप्यात घोरू लागले तेव्हा रंगरावांनी पारूबाईंस परसात बोलावून मसलत केली. म्हणाले, "गाडी हितंच लख्ख झाली तर तालुक्याला जायाचं कारणच काय उरतंय त्याला? मीच करतो चाकं. माझ्या हातानं. बघंल तर समजंल त्याला." पारूबाईंनी विचारिले, "काय समजंल?" त्यावर रंगराव चिंच काढावयास आत गेले. आम्हांस मात्र समजले. तोंडाने मागता येत नाही ती क्षमा हे हाताने मागणार होते.

मग चिंच भिजली, राख चाळली, आणि पारूबाई म्हणाल्या, "अवो, ते काय देवाचं तांब्या-ताम्हण हाय व्हय? त्याला कसलं तरी पॉलिश असतंय म्हणं. इचारा तरी कुणाला." रंगरावांनी हात झटकिला, "चाळीस वर्सं पितळ उजळतोय मी. मला कोण शिकवणार? धातू त्यो धातू." आणि स्वारी धोतराचा काचा मारून मोटारीपाशी बसली. चाक पाहिले मात्र, आणि रंगरावांचे डोळे निवले, कारण काळ्या थराखाली जी नक्षी होती ती त्यांस प्रभावळीसारखी वाटली. प्रभावळ कशी साफ करावी हे त्यांचे बोटांस न सांगता येते. आतल्या खाचेपासोन बाहेर यावे, बोटास फडके गुंडाळावे, एकही कोपरा सुटू नये. तैसेच त्यांनी चिंचेचा आणि राखेचा लगदा चारही चाकांचे खाचाखाचांत भरला, असा भरला की मोदकात सारण भरावे. आता घटकाभर मुरू द्यावे आणि धुवावे, एवढेच बाकी. तोच देवळाकडून हाक आली की नैवेद्याची वेळ टळली. रंगराव हात धुवून धावले. देवळात पंच बसले होते, त्यांनी लग्नाचे जेवणावळीचा विषय काढिला, शिरा की जिलबी, आणि या एका प्रश्नावर दीड तास गेला. इकडे सूर्य सरकला, घराची सावली मोटारीवरोन निघोन गेली, आणि वैशाखाचे ऊन थेट चाकांवर पडले.

रंगराव परत आले आणि अंगणात खिळले. लगदा वाळून दगड जाहला होता. चारही चाके भस्म फासलेल्या गोसाव्यांसारखी पांढरट, आणि कडेने जेथे लगदा सुकोन उडाला होता तेथे धातू अंधुक, डागाडागांचा. त्यांनी नखाने खरवडले, निघेना. मग नारळाचा काथ्या घेऊन पुढील डावे चाक घासावयास लागले, दोन हात मारिले आणि कर्रर आवाज आला. पारूबाईंनी येऊन मनगट धरिले. "थांबा! अजून वाटोळं कराल." रंगराव खाली बसले. त्यांचे तोंडाकडे पाहवेना. म्हणाले, "त्याला वाटंल मुद्दाम केलं. यात्रेत अपमान केला, आता गाडी नासवली. आत्ता उठंल आन चाललाच तो." आणि सोप्यातून भगवानरावांचे घोरणे ऐकू येत होते. ते घोरणे म्हणजे आमची घटका. ते थांबले की सर्व संपले.

तेव्हा केतकीने डोके शांत ठेविले. एसटी थांब्यापाशी बाबालाल मुल्ला यांचे पंक्चरचे दुकान आहे, ते रंगरावांचे बरोबरीचे, एका वर्गात शिकलेले. तिने त्यांस फोन केला आणि हळू आवाजात सांगितले, "चाचा, पळत या, पण हॉर्न वाजवू नका." बाबालाल मोटारसायकल गल्लीचे तोंडाशी ठेवून पायी आले, काखेत शाम्पूची निळी बाटली. चाके पाहून त्यांनी कपाळाला हात लाविला. "रंगूदा, काय केलंस हे? याला चिंच लावत्यात व्हय? आरं, वरनं वार्निशचं पांघरूण असतंय त्याला. पितळ न्हवं हे!" रंगरावांनी विचारिले, "गेलं का सगळं?" त्यावर बाबालालांनी बोट ओले करोन एका काडीवर फिरविले, डोळा बारीक करोन पाहिले, आणि दुसऱ्याही काडीवर तसेच केले. मग म्हणाले, "पांघरूण फाटल्यालं दिसत न्हाई. वरच्या वर बसलंय. पण आता माझं ऐकायचं. कोरडं घासायचं न्हाई. आधी सावली, मग पाणी, मग साबण, आन येका टायमाला येकच चाक."

मग जी मोहीम जाहली ती सांगतो. ताडपत्री ताणोन मोटारीवर सावली केली आणि चाके निवू दिली, कारण तापल्या चाकावर पाणी पडले की डाग आणखी धरतो, ऐसे बाबालाल म्हणाले. मग बादल्या सुरू जाहल्या. आम्ही आडावरोन पाणी आणावे, केतकीने तांब्याने धार धरावी, लगदा भिजोन मऊ व्हावा आणि आपोआप गळोन पडावा, तोवर कोणी हात लावू नये. रंगरावांचे हात शिवशिवत होते, ते पारूबाईंनी पदरात धरून ठेविले. लगदा सुटल्यावर शाम्पूचा फेस केला आणि मऊ फडक्याने वरोन खाली पुसत आले, आणि मोठी नक्षी मोकळी जाहली, परंतु खाचेआडच्या खाचांत बोट जाईना. दात घासण्याचे जुने ब्रश आणिले, त्यांचे केस राठ, बाबालालांनी नको म्हटले. तेव्हा केतकी घरात गेली आणि आपल्या लग्नाचे शृंगाराची पेटी घेऊन आली. तीत गालांवर पावडर फिरविण्याचा एक जाड रेशमी कुंचला होता, नवाकोरा. तिने तो बापाचे हाती दिला. रंगराव म्हणाले, "पोरी, हा तुझ्या तोंडाचा हाय." ती म्हणाली, "तोंडाला काय, अण्णा, बोटं हाईत. तुम्ही करा."

रंगरावांनी कुंचला घेतला आणि मग त्यांचे चाळीस वर्षांचे कसब खरोखर कामी आले. लगदा चुकीचा होता, हात चुकीचा नव्हता. आतल्या खाचेपासोन बाहेर, एक काडी झाली की दुसरी, प्रत्येक फाट्याखाली कुंचला वळवून, फेस काळा निघे, पाण्याने जाई, पुन्हा फेस, पुन्हा पाणी. पहिल्याने पुढील उजवे चाक पुसून कोरडे केले आणि त्यावर चेहरा दिसू लागला. बाबालाल म्हणाले, "निघालं!" पारूबाई मटकन पायरीवर बसल्या आणि पदराने डोळे पुसले. आम्ही बादली खाली ठेवून हसलो, कशास हसलो ते सांगता येत नाही, सुटलो इतकेच कळत होते. मग मागचे उजवे, मग मागचे डावे, तीनही चाके अशी लखलखली की कारखान्यातून निघताना तरी तशी असतील की नाही न कळे. राहिले पुढील डावे. त्यातलाही लगदा गेला, डाग गेले, काळेपण गेले, आणि शेवटचे पाणी ओतले तेव्हा बाहेरील कडेवर बोटभर लांबीचा ओरखडा उघडा पडला. खोल, खरबरीत. रंगरावांनी काथ्या मारिला तो याच चाकावर.

बाबालालांनी त्यावर बोट फिरवून पाहिले. पाण्याने जाणारे ते नव्हते. आणि त्याच क्षणी सोप्यातील घोरणे थांबले.

भगवानराव डोळे चोळीत अंगणात आले. समोर ताडपत्री, चिखल, पाच माणसे घोट्यापर्यंत ओली, आणि मोटारीची चाके आरशासारखी. ते वाकून एक चाक पाहतात, दुसरे पाहतात. रंगराव पुढील डाव्या चाकापुढे धोतर पसरून असे उभे राहिले की लपविण्याची वस्तू कोठे आहे हे आंधळ्यासही कळावे. भगवानराव म्हणाले, "कोणी केलं हे, दादा?" रंगराव म्हणाले, "मी." आणि थोड्या वेळाने बाजूस सरकले, ओरखडा दाखविला आणि म्हणाले, "हे बी मीच केलं. चिंच लावली, मग काथ्या मारला. चुकलं माझं, भगवान."

हा शब्द त्या अंगणात आम्ही पहिल्यानेच ऐकिला. पारूबाईंचा हात तोंडाशी गेला.

भगवानराव ओरखड्याशी वाकले, पाहिले, आणि हसू लागले. "हा? हा माझा आहे, दादा! गणपतीत आमच्या सोसायटीच्या खांबाला मीच घासली गाडी. शालिनीला सांगितलंय की वॉचमनच्या सायकलनं झालं. तुम्ही तिला बोलू नका. यात तुमचं काही चुकलं नाही." सर्वांस हायसे वाटले. बाबालालांनी बाटलीचे झाकण लाविले. प्रकरण मिटले होते, रंगराव सुटले होते, 'बरं झालं' म्हणोन चहा सांगितला असता तरी कोणी नाव ठेविले नसते. परंतु रंगराव जागचे हलले नाहीत. हातातील कुंचल्यातून पाणी गळत होते. म्हणाले, "चाकाचं न्हाई चुकलं, तर न्हाई. पण चुकलं. त्या दिवशी गाडीत कोण हाय ते बघायला पायजे हुतं मी. तीन वर्सं म्हणायचं म्हणतोय."

भगवानरावांचे हसू मावळले. मग म्हणाले, "मला वाटायचं तुम्हाला ठाऊकच नाही." आणि तसेच ओल्या जमिनीवर बसले, भावाचे हातून कुंचला घेतला आणि जे चाक पूर्ण साफ जाहले होते त्यावरच फिरवीत राहिले. तालुक्याचे नाव पुन्हा निघाले नाही. मग रंगराव म्हणाले, "शालनला फोन लाव. मी बोलतो."

फोन लागला. रंगरावांस फोनवर हळू बोलता येत नाही, म्हणोन आम्हांस सर्व ऐकू आले. "शालन, मी रंगू बोलतोय. चुकलं माझं त्या यात्रेत. भगवानला सांगितलंय, तुला सांगायचं ऱ्हायलं हुतं. तू न्हाईस तर केतकीची ओटी कोण भरणार? गाडी धुऊन ठेवलीया, चाकं लख्ख केल्याती, आत्ताच्या आत्ता पाठवतो." पलीकडून शालिनीबाईंचा आवाज आला, "पाय कधीचाच बरा झालाय, दादा. तुम्ही बोलवायची वाट बघत होते. आणि एवढी चाकं धुतलीत तर परत घाटात कशाला घालता गाडी? मी उद्या एसटीनं येते."

दुसरे दिवशी नवमीस हळद. एसटी बारास येणार होती आणि रंगराव नवापासोन थांब्यावर उभे होते, हळदीचे पाहुणे घरी येऊन बसले तरी हलेनात. एसटी आली, शालिनीबाई उतरल्या, रंगरावांनी त्यांची पिशवी घेतली, आणि पाय बरा आहे हे पक्के ठाऊक असोनही घरापर्यंतची सारी वाट ते हळू चालले.

सारांश येणेप्रमाणे. दशमीस नवरी त्याच मोटारीतून मांडवात गेली. घाटातील चिखलाने चाके पहिल्या वळणावरच पुन्हा माखली, आणि त्याकडे कोणाचेही लक्ष गेले नाही. भगवानराव व शालिनीबाई लग्नानंतर सहा दिवस राहिले. जे पाहिले ते लिहिले, अधिक काही जोडिले नाही. वाचणारांचे घरी असेच काही अडले असेल तर तेही सुटो. लेखनसमाप्ती.